'रन' म्हणजे नुसतं धावणं नव्हे

दाभोळची फेरीबोट सुरू आहे. वाशिष्ठीचं पाणी खाडीकडे वाहतंय. होडीचं इंजिन चालू आहे, पण डिझेल संपत आलंय. धाकट्याचं नाक गळतंय. नव्या साडीचा रंग धुण्यात गेला. हायवे चिपळूणवरून जातो. काकू घरच्या घरी खानावळ चालवतात. गाडी आज उशिराने धावतेय.

एवढं बोलायला मराठीला आठ वेगवेगळी क्रियापदं लागली. इंग्रजी बोलणारा माणूस यातल्या प्रत्येक ठिकाणी एकच क्रियापद वापरू शकतो. ते म्हणजे 'रन'.

शाळेत आपण 'रन म्हणजे धावणे' असं पाठ करतो. ते चुकीचं नाही, पण त्यावर थांबलं की दोन बाजूंनी अडचण होते. वाचताना 'द टॅप इज रनिंग' समोर आलं की नळ कुठे धावतो, असा प्रश्न पडतो. आणि बोलताना जिथे 'रन' अगदी सहज बसतो, तिथे तो आपल्याला सुचतच नाही. गुहागरला होमस्टे चालवणारी बाई पाहुण्याला 'आय ॲम डुइंग होमस्टे' म्हणते. तिला जे सांगायचं असतं त्यासाठी 'आय रन अ होमस्टे' हे चार शब्दांचं सरळ वाक्य तयार असतं, पण तिच्या मनात 'रन' अजून शाळेच्या मैदानातच पळत असतो.

कोकणात आता हे शब्द परीक्षेपुरते राहिलेले नाहीत. मर्चंट नेव्हीत जाणारी मुलं, हॉटेलच्या किचनमध्ये लागलेले, मालवणला पर्यटकांना बोटीतून फिरवणारे, घराच्या मागच्या दोन खोल्या पाहुण्यांना देणारे, या सगळ्यांना रोज इंग्रजी बोलावं लागतं. म्हणून एकच क्रियापद घेऊन ते मुळापासून उलगडायचं ठरवलं. हे एक नीट कळलं की बाकीच्या क्रियापदांकडे कसं बघायचं तेही हाती लागतं.

ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाची तिसरी आवृत्ती तयार होत असताना 'रन' हा शब्द पीटर गिलिव्हर या संपादकांच्या वाट्याला आला. या एका क्रियापदावर त्यांचे नऊ महिन्यांहून अधिक गेले आणि अर्थ निघाले 645. त्याआधीच्या आवृत्त्यांमध्ये सर्वांत मोठी नोंद 'सेट' या क्रियापदाची होती. 'रन'ने त्याला मागे टाकलं, यामागे यंत्रांचा मोठा हात आहे. गिरण्या आल्या, रेल्वे आली, मोटार आली, वीज आली, शेवटी संगणक आला. जे जे नवं यंत्र आलं ते इंग्रजीत 'रन' करायला लागलं. मोबाईलमधलं ॲपसुद्धा 'रन' होतं.

645 हा आकडा ऐकून धास्तावायचं कारण नाही. ते अर्थ सुटे सुटे नाहीत. एका झाडाच्या फांद्या आहेत, आणि ते झाड कुठून उगवलं ते समजलं की बहुतेक फांद्या आपोआप ओळखता येतात.

जुन्या इंग्रजीत या जागी दोन क्रियापदं होती. एक 'रिन्नन'. त्याचा अर्थ पळणे आणि वाहणे, दोन्ही. माणूस पळतो तेही आणि पाणी वाहतं तेही. दुसरं 'अॅर्नन', म्हणजे पळवणे, घोडा दौडवणे. यात 'र' आणि स्वर यांची जागा बदललेली दिसते. आपल्याकडे बोलताना 'नुकसान'चं 'नुसकान' होतं तशातलाच तो प्रकार. पुढे इंग्लंडच्या उत्तर भागात स्कँडिनेव्हियातून आलेली माणसं वस्तीला राहिली. त्यांच्या भाषेतही याच कुळातले शब्द होते, त्यांचीही यात भर पडली. हळूहळू ही क्रियापदं एकमेकांत मिसळली आणि एकच 'रन' उरला. जर्मन भाषेने मात्र दोन शब्द वेगळे ठेवले: 'रेनन' म्हणजे धावणे आणि 'रिनन' म्हणजे पाणी पाझरणे, वाहणे.

मराठी माणसाला यातली एक गोष्ट फार लवकर पटते. आपल्याकडे चालणे आणि चालवणे, पळणे आणि पळवणे अशा जोड्या आहेत. स्वतः करणं वेगळं, दुसऱ्याकडून करवणं वेगळं, आणि तो फरक आपण क्रियापदाच्या रूपातच दाखवतो. इंग्रजीतही एके काळी अशा जोड्या बऱ्याच होत्या. 'सिट' म्हणजे बसणे आणि 'सेट' म्हणजे बसवणे, 'लाय' म्हणजे आडवं होणे आणि 'ले' म्हणजे आडवं ठेवणे, 'राइझ' म्हणजे उठणे आणि 'रेझ' म्हणजे उचलणे, या जोड्या अजून टिकून आहेत. 'रन'ची जोडी मात्र एकात एक विरघळून गेली. म्हणून आज 'द बोट रन्स' म्हणजे बोट चालते आणि 'ही रन्स द बोट' म्हणजे तो बोट चालवतो. शब्द तोच. 'रन'नंतर कर्म आलं आहे का, एवढं बघा. कर्म नसेल तर चालणे, वाहणे, धावणे. कर्म असेल तर बहुतेक वेळा चालवणे. निम्मा गोंधळ इथेच मिटतो.

आता मूळ अर्थ. 'रन'च्या पोटात एक कल्पना आहे: आपल्या मार्गावरून, न थांबता, पुढे सरकत राहणं. पाय हे त्याचं एक साधन. पाणी आपल्या पात्रातून सरकतं, गाडी रुळांवरून, काटा तबकडीवरून, धंदा दिवसामागून दिवस. मराठीत हे काम मुख्यतः 'चालणे' करतं. घड्याळ चालतं, दुकान चालतं, नाटक चालतं, पंखा चालतो, वर्ग चालतो. या 'चालणे'साठी कुणी 'वॉक' वापरत नाही, कारण इंग्रजीत 'वॉक' पायांना घट्ट बांधलेलं आहे. मी तर मुलांना सांगेन, की 'रन' समोर आला की आधी 'चालणे' लावून बघा आणि मग 'धावणे'. दहातल्या बऱ्याच वेळा पहिलंच लागू पडेल.

मग 'वर्क'चं काय? हा प्रश्न वर्गात हटकून येतो, आणि चांगला प्रश्न आहे. मिरकरवाड्याच्या जेटीवर उभं राहून विचारा, 'इंजिन चालतं का?' याचा अर्थ, ते धड आहे की बिघडलंय. इथे 'डज द एंजिन वर्क?' आता विचारा, 'इंजिन चालू आहे का?' म्हणजे या घडीला ते फिरतंय की बंद ठेवलंय. इथे 'इज द एंजिन रनिंग?' उत्तम स्थितीतलं इंजिन बंद असू शकतं: 'इट वर्क्स, बट इट इज नॉट रनिंग'. मराठीत आपण 'चालतं' आणि 'चालू आहे' यांत हा भेद बिनचूक करतो, तोच इंग्रजीत 'वर्क' आणि 'रन' यांत वाटला गेलाय. जहाजावर इंजिन रूममध्ये काम करायला जाणाऱ्याने हा फरक पक्का करूनच जावं, कारण तिथे या दोन वाक्यांवर वेगवेगळी कामं ठरतात.

पाण्याची फांदी आपल्याला जवळची. 'द वाशिष्ठी रन्स पास्ट चिपळूण', वाशिष्ठी चिपळूणजवळून वाहते. इथे 'फ्लो'सुद्धा चालेल. 'फ्लो'त संथपणा आहे, सलगपणा आहे. भूगोलाच्या पुस्तकात तो शोभतो. 'रन' रोजच्या बोलण्यातला. पण नळाला 'फ्लो' लावू नका. नळ उघडा राहिला तर 'द टॅप इज रनिंग' किंवा 'यू लेफ्ट द टॅप रनिंग'. थेंब थेंब पडत असेल तर 'द टॅप इज ड्रिपिंग'. होमस्टेच्या माहितीत 'रनिंग वॉटर' लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ नळाला पाणी आहे, बादलीने आणावं लागत नाही. घरामागून ओढा वाहतो असा अर्थ त्यात नाही.

मराठी 'गळणे' इथे फसवतं. नाक गळतं, कौलं गळतात, नळ गळतो, आंब्याचा मोहोर गळतो. आपल्याला चारही ठिकाणी एकच शब्द पुरतो, इंग्रजीला प्रत्येक ठिकाणी वेगळा लागतो. नाक 'रन' करतं: 'हिज नोज इज रनिंग'. छप्पर 'लीक' होतं, कारण पाणी नको त्या फटीतून आत येतं: 'द रूफ लीक्स'. नळ 'ड्रिप' करतो. मोहोर 'फॉल' किंवा 'ड्रॉप' होतो. पावसाळ्यात आलेल्या पाहुण्याला खोलीबद्दल सांगताना 'द रूफ इज रनिंग' म्हटलं तर तो गोंधळून वर बघेल.

रंगाचंही तसंच. 'रंग गेला' हे मराठी वाक्य दोन निराळ्या गोष्टी सांगतं. कापड धुताना रंग सुटून दुसऱ्या कपड्यांना लागला, तर 'द कलर रॅन'. रंग पाण्याबरोबर वाहिला, म्हणून 'रन'. उन्हाने फिका पडला तर 'द कलर फेडेड'. होडीच्या काठावर रंगवलेलं नाव खाऱ्या हवेने आणि उन्हाने पुसट होतं ते 'फेड', 'रन' नव्हे. लाँड्रीचं काम घेणाऱ्यांना हे दोन शब्द वेगळे माहीत असलेच पाहिजेत, कारण पाहुण्याच्या तक्रारीत कोणता शब्द आहे त्यावर दोष धुण्याचा की कपड्याचा हे ठरतं.

इंग्रजी ही दर्यावर्दी लोकांची भाषा आहे, त्यामुळे 'रन'चे कितीतरी वापर थेट समुद्रावरून आलेत. शिडात मागून वारा भरून जहाज पुढे जातं, त्याला 'रनिंग बिफोर द विंड' म्हणतात. भरती-ओहोटीचा प्रवाह जोरात असला की 'द टाइड इज रनिंग स्ट्राँग'. रात्री जहाजावर लावायच्या दिव्यांना 'रनिंग लाइट्स' म्हणतात. आणि बातम्यांत वारंवार येणारा प्रयोग म्हणजे 'रन अग्राउंड'. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळात 'बसरा स्टार' हे जहाज रत्नागिरीजवळ मिऱ्याच्या किनाऱ्याला येऊन रुतलं. असं घडलं की इंग्रजीत 'द शिप रॅन अग्राउंड' लिहितात. जहाज बुडालं असा याचा अर्थ नाही. उथळ पाण्यात तळ जमिनीला टेकला आणि ते अडकलं, एवढाच. बुडणं म्हणजे 'सिंक', उलटणं म्हणजे 'कॅप्साइझ'. होडीच्या अपघाताची नोंद इंग्रजीत करायची वेळ आली तर या तीन शब्दांची अदलाबदल परवडणारी नाही.

जे मुळीच हलत नाही तेही इंग्रजीत 'रन' करतं, हे मुलांना सर्वांत चमत्कारिक वाटतं. 'नॅशनल हायवे सिक्स्टी-सिक्स रन्स फ्रॉम पनवेल टू कन्याकुमारी'. रस्ता जागच्या जागी आहे, तरी तो 'रन' करतो. पण आपणही 'हा रस्ता दापोलीला जातो' म्हणतोच की. रस्ता जात नाही, आपली नजर त्याच्यावरून जाते. इंग्रजीने तिथे 'गो' आणि 'रन' दोन्ही ठेवलेत. 'गो'मध्ये कुठे पोचतो यावर भर, 'रन'मध्ये कुठून कसा जातो यावर: 'द रोड रन्स अलाँग द क्रीक', रस्ता खाडीच्या कडेकडेने जातो. सह्याद्री किनाऱ्याला समांतर 'रन' करतो. कुंपण 'रन' करतं, चिऱ्याचा गडगा 'रन' करतो. जे लांबट आहे आणि रेषेत पसरलंय, त्याला 'रन' शोभतो. तळं किंवा मैदान 'रन' करत नाही.

जागेसारखाच काळ. यांत्रिक मासेमारीवरची पावसाळी बंदी 1 जून ते 31 जुलै असते: 'द बॅन रन्स फ्रॉम द फर्स्ट ऑफ जून टू द थर्टी-फर्स्ट ऑफ जुलै'. दशावतारी नाटक रात्रभर चाललं: 'द प्ले रॅन ऑल नाइट'. इथे 'लास्ट' आणि 'कंटिन्यू' हे जवळचे शब्द आहेत, पण प्रत्येकाचा कल निराळा. एखादी गोष्ट किती वेळ टिकली हे सांगायला 'लास्ट', मध्ये खंड पडूनही पुढे चालू राहिली हे सांगायला 'कंटिन्यू', आणि ठरलेल्या मुदतीत ती चालते हे सांगायला 'रन'. आणि दशावताराचं निघालंच आहे तर तिथलं आणखी एक वाक्य. आजोबा राजा करायचे, वडील स्त्रीपार्ट करायचे, मुलगाही रंगमंचावर आला. अशा घराबद्दल 'ॲक्टिंग रन्स इन द फॅमिली' म्हणतात. आपण 'ते त्यांच्या रक्तातच आहे' म्हणतो.

वाहतुकीत 'रन' म्हणजे सेवा चालू असणं. 'द फेरी रन्स बिट्वीन दाभोळ अँड धोपावे'. 'द बोट्स टू सिंधुदुर्ग फोर्ट डू नॉट रन इन द मॉन्सून'. कोकण रेल्वेला पावसाळ्यात वेगळं वेळापत्रक असतं, दरडींच्या भीतीने गाड्यांचा वेग कमी ठेवावा लागतो, तेव्हा 'द ट्रेन इज रनिंग लेट' हे वाक्य स्टेशनावर सगळ्यांच्या ओळखीचं होतं. मोबाईलवर गाडी कुठवर आली हे दाखवणाऱ्या जागेला 'रनिंग स्टेटस' म्हणतात. त्यातला 'रन'ही वेगाचा नाही, सेवेचा.

आता ज्या अर्थाची कोकणात रोज गरज पडते तो: धंदा चालवणे. समानार्थी शब्दांच्या पुस्तकांवर माझा राग आहे तो इथेच. 'रन' समोर 'मॅनेज, ऑपरेट, कंडक्ट, फ्लो, स्प्रिंट' अशी एक ओळ छापलेली असते. मुलं ती पाठ करतात आणि कुठलाही शब्द कुठेही लावतात. समानार्थी शब्द एकमेकांच्या जागी बसतातच असं नाही. ते शेजारी आहेत, घरं वेगळी आहेत.

समजा, वेंगुर्ल्यात एक छोटं हॉटेल आहे. ज्यांच्या नावावर ते आहे ते 'ओन' करतात. त्यांची सून रोज सकाळी मासे घेण्यापासून रात्री हिशेब करण्यापर्यंत सगळं बघते. ती 'रन' करते. मुंबईच्या मालकाने पगारावर माणूस ठेवला असेल तर तो 'मॅनेज' करतो. जबाबदारी त्याची, पण वरती कोणीतरी आहे, असा त्यात भाव आहे. शिवाय 'मॅनेज'चा दुसराही अर्थ आहे, जेमतेम निभावून नेणे. 'हाऊ डू यू मॅनेज?' असं कुणी विचारलं तर तो हुद्दा विचारत नाही, एवढं सगळं एकट्याने कसं जमवता असं विचारतो. 'ऑपरेट' कागदोपत्री शब्द आहे. कंपनी बससेवा 'ऑपरेट' करते, कामगार क्रेन 'ऑपरेट' करतो. घरगुती खानावळीला तो फार जड पडतो. 'कंडक्ट' म्हणजे ठरावीक पद्धतीने पार पाडणे: परीक्षा, बैठक, सर्वेक्षण. खानावळ कुणी 'कंडक्ट' करत नाही.

म्हणून स्वतःची ओळख करून देताना 'आय रन अ होमस्टे', 'माय ब्रदर रन्स अ गॅरेज', 'वी रन बोट ट्रिप्स' यांसारखी वाक्यं वापरा. यात मालकी सांगितलेली नाही, नाकारलेलीही नाही. हे काम आम्ही स्वतः अंगाने करतो, एवढं त्यात स्वच्छ येतं. बचतगटाच्या बाया मिळून कोकम सरबताचा उद्योग चालवतात, तिथे तर 'ओन' हा शब्द अवघडच जातो. 'वी रन इट टुगेदर' सगळ्यांना सामावून घेतं.

गाडीच्या बाबतीत जरा सांभाळा. टेम्पो हाकणे म्हणजे 'ड्राइव्ह'. 'ही रन्स अ टेम्पो' म्हणजे त्याचा टेम्पोचा धंदा आहे, चाकामागे तो स्वतः बसत असेल किंवा नसेलही.

पायांनी पळण्याबद्दल थोडक्यात. 'जॉग' म्हणजे व्यायामासाठी मंद गतीने, जसे भाट्याच्या किनाऱ्यावर सकाळी लोक पळतात. 'स्प्रिंट' म्हणजे थोड्या अंतरासाठी जीव तोडून. 'डॅश' म्हणजे झटकन तिथपर्यंत, बहुधा घाईच्या कामासाठी. 'बोल्ट' म्हणजे दचकून एकदम सुटणे, दावं तोडून जनावर पळतं तसं. 'फ्ली' म्हणजे जीव वाचवायला पळ काढणे. त्याचा भूतकाळ 'फ्लेड'. बाकी सगळीकडे साधा 'रन' पुरतो. आणि त्याची तीन रूपं 'रन, रॅन, रन', म्हणजे तिसरं पहिल्यासारखंच. 'शी हॅज रॅन' ही चूक फार कानावर पडते. 'शी हॅज रन' बरोबर.

क्रिकेटमुळे 'रन' नाम म्हणून मराठीत कधीच स्थिरावलाय. 'दोन रन काढले' म्हणताना तो परका शब्द वाटतही नाही. पण 'रन आउट'ने एक वेगळाच घोळ होतो. मैदानावर 'रन आउट' म्हणजे धावबाद. मैदानाबाहेर 'रन आउट ऑफ' म्हणजे संपणे, आणि तो रोज लागतो. 'वी हॅव रन आउट ऑफ डिझेल', डिझेल संपलं. 'वी आर रनिंग आउट ऑफ टाइम', वेळ संपत आलाय. संपत आलंय पण अजून आहे, तर 'रनिंग लो' किंवा 'रनिंग शॉर्ट': 'वी आर रनिंग लो ऑन गॅस'. एप्रिल-मेमध्ये विहिरींचा तळ दिसायला लागतो, तेव्हा 'द वेल इज रनिंग ड्राय', आणि आटलीच तर 'द वेल हॅज रन ड्राय'. जेवणाच्या पंगतीत पाहुण्याला सोलकढी संपल्याचं सांगायला 'फिनिश्ड'ही चालतं, पण 'आय ॲम सॉरी, वी हॅव रन आउट' यात आदबही आहे.

'इनटू' जोडला की संदर्भ बघूनच अर्थ लावावा. 'द रिव्हर रन्स इनटू द सी', नदी समुद्राला मिळते. 'आय रॅन इनटू माय टीचर ॲट द एसटी स्टँड', सर अचानक भेटले. 'द जीप रॅन इनटू अ वॉल', जीप भिंतीला धडकली. 'द बिल रॅन इनटू थाउजंड्स', बिल हजारांच्या घरात गेलं. कर्ता काय आहे आणि समोर काय आलंय, यावरून कळतं. 'रन ओव्हर'लाही दोन तोंडं आहेत. वाहनाखाली कुणी आलं तर 'रन ओव्हर', आणि बैठक ठरलेल्या वेळेपेक्षा लांबली तरी 'रन ओव्हर'. ताप आला की 'रनिंग अ फीवर'. हे वाक्य आजारी पाहुण्याच्या तोंडून ऐकलंत तर त्याला डॉक्टर हवाय, पळायला जोडीदार नव्हे.

निवडणुकीला उभं राहणं अमेरिकेत 'रन', ब्रिटनमध्ये 'स्टँड', आणि आपल्याकडच्या इंग्रजी वृत्तपत्रांत 'कंटेस्ट'. तिन्ही बरोबर, कुणाशी बोलतोय त्यावर निवडा.

उलट दिशेनेही बघायला हवं. मराठीत धावतं ते सगळं इंग्रजीत 'रन' करत नाही. शेजारी मदतीला धावून आले, तर 'दे केम टु अवर हेल्प' किंवा 'दे रश्ड टु अवर हेल्प'. धावती भेट इंग्रजीत उडते: 'अ फ्लाइंग व्हिजिट'. गणपतीच्या आधीची धावपळ मात्र थेट जुळते: 'आय हॅव बीन रनिंग अराउंड ऑल डे'. धावतं समालोचन तर 'रनिंग कॉमेंटरी'चं शब्दशः भाषांतरच आहे.

'धावत्या गाडीतून उतरू नये' याचं आपण 'डोन्ट गेट डाउन फ्रॉम अ रनिंग ट्रेन' करतो. भारतात ते सगळ्यांना कळतं. बाहेरच्यांशी बोलताना 'मूव्हिंग ट्रेन' म्हणा, कारण त्यांच्या कानाला 'रनिंग' म्हणजे ती गाडी त्या दिवशी सुटणार आहे, रद्द झालेली नाही, एवढंच ऐकू येतं.

वयाचंही असंच. मुलाला आठवं वर्ष चालू आहे, म्हणजे सात पूर्ण झालीत. त्याचं 'ही इज रनिंग एट' झालं की परदेशी पाहुण्याला काहीच बोध होत नाही, आणि झालाच तर तो मुलगा आठ वर्षांचा समजतो. इंग्रजीत पूर्ण झालेली वर्षं सांगायची: 'ही इज सेव्हन'. चालू वर्षच सांगायचं असेल तर 'ही इज इन हिज एट्थ इयर' म्हणावं. किल्ल्यावर जाणाऱ्या बोटीचं लहान मुलांचं तिकीट काढताना किंवा प्रवेशाचा इंग्रजी फॉर्म भरताना पूर्ण झालेलं वयच लिहायचं.